सिस्टिम ॲडमिनची परीक्षा: अभ्यासाचं पुस्तक निवडायचं कसं?

कोरी_पाटी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मी हेल्पडेस्कवर काम करते. पासवर्ड बदलून देणं, रुसलेला प्रिंटर मार्गी लावणं, आणि जे झेपत नाही ते तिकीट सर्व्हरवाल्यांकडे ढकलणं. आता मला ती तिकिटं घेणाऱ्यांत जायचंय. साहेब म्हणाले, रेड हॅटची आरएचसीएसए (लिनक्स ॲडमिनची परीक्षा) पास हो, मग बघू.

लिनक्स लॅपटॉपवर आहे. फाइली शोधणं, परवानग्या बदलणं, सर्व्हिस चालू-बंद करणं इतपत येतं. एलव्हीएम (डिस्कच्या जागेची लवचिक वाटणी) आणि एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा-यंत्रणा) यांची नावं ऐकून आहे, हात कधी लावलेला नाही.

अडलंय पुस्तकावर. समोर तीन आहेत. पहिलं हजारेक पानांचं, प्रत्येक प्रकरणाआधी "हे तुम्हाला आधीच येतं का" अशी प्रश्नावली, शेवटी पर्यायी प्रश्न. दुसरं त्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यात वाचायला थोडं आणि करायला जास्त. तिसरं एका मित्राने दिलंय, फुकट, पण आरएचईएल ७ वरचं (आरएचईएल म्हणजे रेड हॅटचं लिनक्स). शिवाय व्हिडिओ कोर्स आहेतच, तिकडे अजून वळलेले नाही.

पुस्तकांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नावं आली की दोन तट पडतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. पुस्तक हातात घेतल्यावर तुम्ही काय बघता, तेवढं सांगा. आणि एकच पुरतं का?

मनमौजी
वजन. हजार पानांचं असेल तर ते आधी मॉनिटरची उंची वाढवायला वापरून बघावं. नंतर अभ्यास सुचला तर सुचला.

खटपट्या
मनमौजींकडे लक्ष देऊ नका, ते प्रत्येक धाग्यावर पहिले असतात.

मित्राचं पुस्तक आभार मानून परत करा. आरएचईएल ७ आलं २०१४ मध्ये, ८ आलं २०१९ मध्ये, ९ आलं २०२२ मध्ये आणि १० आलं २०२५ मध्ये. या काळात बरंच हललंय. पॅकेज बसवायला यमच्या जागी डीएनएफ आलं (यम ही आज्ञा अजून चालते, पण ती आतून डीएनएफकडेच बोट दाखवते). कंटेनर (स्वतंत्र डब्यात बंद केलेले प्रोग्राम) चालवायचं डॉकर गेलं, पॉडमन आलं. वेळ जुळवायला एनटीपीडी होतं, आता क्रोनी. नेटवर्कच्या त्या आयएफसीएफजी फाइली ९ मध्येच मोडीत निघाल्या, आता नेटवर्कमॅनेजरच्या कीफाइल. जुन्या पुस्तकातलं सगळंच चुकीचं नसतं, टार आणि फाइंड या आज्ञा होत्या तशाच आहेत. पण कुठलं पान अजून चालतं आणि कुठलं बाद झालंय हे नवख्याला कळत नाही, म्हणून ते पुस्तक तुमच्या कामाचं नाही. माझ्या असेल.

आता एक मेख, जी मुखपृष्ठ बघून कळत नाही. कॉम्पटिया ही दुसरी परीक्षा-संस्था आवृत्ती बदलली की परीक्षेचा क्रमांक बदलते. त्यांची लिनक्स प्लस एक्सके०-००५ होती, त्यानंतर एक्सके०-००६ आली. रेड हॅट तसं करत नाही. आरएचसीएसएचा क्रमांक ईएक्स२०० होता आणि ईएक्स२००च आहे, खाली आरएचईएल बदलतं. त्यामुळे मुखपृष्ठावर ईएक्स२०० दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही. आत कुठल्या आरएचईएलवर सराव करायला लावलाय ते बघायचं.

आणि सराव कुठे करा म्हणतात तेही बघा. "सेंटओएस ८ उतरवून घ्या" (सेंटओएस म्हणजे आरएचईएलची फुकट प्रतिकृती) असं लिहिलेलं दिसलं तर पुस्तक मिटा. सेंटओएस लिनक्स ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ लाच संपला. नेहमीच्या मिररवरून पॅकेज येणारच नाहीत आणि पहिल्याच प्रकरणात तुम्ही अडकाल. सध्याचं पुस्तक आल्मालिनक्स, रॉकी (ह्याही तशाच फुकट प्रतिकृती) किंवा रेड हॅटची डेव्हलपर सदस्यता सांगेल. ही सदस्यता व्यक्तीला विनामूल्य मिळते, १६ मशिनांपर्यंत चालते. तुम्हाला दोन व्हर्च्युअल मशीन पुरे.

रात्रपाळी
खटपट्यांनी आवृत्तीचं सांगितलं, मी परीक्षेच्या स्वभावाचं सांगते. कारण तुमच्या पहिल्या पुस्तकातले पर्यायी प्रश्न वाचून मला जरा काळजी वाटली.

आरएचसीएसएत पर्यायी प्रश्न नसतात. एकही नाही. तुमच्या पुढ्यात मशिनं ठेवतात आणि कामं देतात: अमुक आकाराचं लॉजिकल व्हॉल्यूम करा, तमुक वापरकर्त्याला एवढीच मुभा द्या, ही सर्व्हिस अशी चालवा. ३ तास. ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास. तुम्ही कुठल्या वाटेने गेलात हे कोणी विचारत नाही, शेवटी मशीन कुठल्या स्थितीत आहे ते तपासलं जातं. आणि केलेलं सगळं रीबूटनंतर टिकायला हवं.

म्हणून माझी कसोटी अशी. पुस्तकातला कुठलाही सराव उघडा. काम झाल्यावर "आता मशीन रीबूट करा आणि पुन्हा तपासा" असं सांगितलंय का? नसेल तर लेखकाला विषय माहीत आहे, परीक्षा माहीत नाही. सर्व्हिस स्टार्ट केली पण एनेबल केली नाही, तर आत्ता चालते आणि नंतर नाही. फायरवॉलमध्ये नियम घातला पण परमनंट लिहिलं नाही, तर रीलोडलाच उडतो. एसईलिनक्सचं बूलियन (चालू-बंद खटका) बदलताना आज्ञेतला मोठा पी राहिला, तर तेही गेलं. आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे जोडायचं त्याची फाइल) यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळखक्रमांकाचं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मशीन वर येतच नाही, थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन उभं राहतं. मग बाकीची कामं बरोबर केलेली असून उपयोग काय? तपासणाऱ्याला मशीनच मिळत नाही. चांगलं पुस्तक एफएसटॅब बदलल्यावर माउंट -ए चालवून बघायची सवय लावतं, आणि फाइंडएमएनटीचा व्हेरिफाय पर्यायही दाखवतं.

कोरी_पाटी
@रात्रपाळी ताई, हे इतकं स्पष्ट मला कोणी सांगितलं नव्हतं. मग पर्यायी प्रश्नांचं ते जाड पुस्तक बादच समजू?

जुना_खोड
बाद का म्हणून? थांबा जरा.

माझी उमेदवारी सोलारिस या युनिक्सवर झाली. तेव्हा अभ्यासाला मॅन्युअलचे खंडच्या खंड असायचे आणि आम्ही ते वाचायचो. आजकाल "परीक्षेत येतं का" हा एकच प्रश्न. सराव-पुस्तक तुम्हाला व्हॉल्यूम वाढवायच्या एलव्हीएक्स्टेंड आज्ञेला -आर लावायला शिकवेल. ते का लावायचं, फाइल सिस्टिम आणि तिच्याखालचं व्हॉल्यूम या दोन वेगळ्या गोष्टी कशा, आणि एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वाढते पण आकसत नाही म्हणून आधीच विचार करून जागा द्यायची, हे जाड पुस्तकात सापडतं. परीक्षा ३ तासांची. त्यानंतर सर्व्हर सांभाळायचाय तो अनेक वर्षं. पर्यायी प्रश्न सोडून द्या, पण मधली पानं वाचा.

रात्रपाळी
खोडकाका, मुद्दा मान्य. पण हजार पानं वाचून परीक्षेला बसणारी माणसं मी फार थोडी बघितलीत. एसईलिनक्सचं प्रकरण येईपर्यंत बहुतेकांचा उत्साह संपलेला असतो, आणि नेमकं तेच प्रकरण पुस्तकाच्या शेवटाकडे असतं.

मनमौजी
म्हणजे एसईलिनक्स पुस्तकातही एनफोर्सिंगच, सक्तीवरच आहे. आत येऊच देत नाही.

तिरकस
सगळं वाचलं. मला मूळ प्रश्नच पटत नाही. सर्टिफिकेट घेऊन कोणी ॲडमिन होत नाही. आमच्याकडे भिंतभर सर्टिफिकेटं लावलेली व्यक्ती होती, डिस्क भरल्यावर लॉग उडवले आणि जागा का सुटत नाही म्हणून डोकं धरून बसली. उडवलेली फाइल कुठल्या तरी प्रोसेसने उघडी धरून ठेवली असेल तर जागा सुटत नाही, हे कुठल्या पुस्तकातून येणार? एक स्वस्तातलं मशीन घ्या, त्यावर स्वतःची मेल, वेब, बॅकअप चालवा, वर्षभर मोडा आणि जोडा. पुस्तकाची गरज राहणार नाही.

खटपट्या
तिरकसराव, फाइल उघडी राहिली की जागा सुटत नाही, हे तुम्ही आत्ता लिहिलंत ना? ते कोणी तरी पुस्तकातही लिहिलंय. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफ आज्ञेच्या मॅन पानापासून (मशीनवरच्या माहितीपानापासून) सुरुवात करा.

आणि तिला साहेबांनी परीक्षा दे म्हणून सांगितलंय. "सर्टिफिकेटने काही होत नाही" हे साहेबांना पटवणं परीक्षेपेक्षा अवघड आहे.

तिरकस
ते खरं. पण मोडा-जोडा हा सल्ला मी मागे घेत नाही.

सावकाश
मी या परीक्षेसाठी शिकवण्याचं काम करतो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो. चालवून घ्या.

पुस्तक निवडायच्या आधी रेड हॅटच्या संकेतस्थळावरची ईएक्स२०० ची उद्दिष्टांची यादी छापून घ्या. यादी छोटी आहे आणि सरळ भाषेत आहे. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: न बघता जमतं, बघून जमतं, काय आहे तेच माहीत नाही. तुमच्या वर्णनावरून साठवण आणि सुरक्षा हे दोन भाग तिसऱ्या खुणेत जातील. पुस्तकाचा निकाल तिथे लावायचा. वापरकर्ते कसे जोडावेत हे प्रकरण वाचून पुस्तक निवडू नका, ते सगळ्यांनाच बरं लिहिता येतं.

मी विद्यार्थ्यांना तीन विषय देतो आणि हातातल्या प्रत्येक पुस्तकात तेवढेच वाचायला सांगतो.

एक, वेब सर्व्हर ८२ क्रमांकाच्या पोर्टवर चालवणे. इथे सर्व्हिस सुरूच होत नाही, कारण एसईलिनक्सच्या लेखी ८२ हे वेबचं पोर्ट नाही. पुस्तकाने आधी ते अपयश दाखवावं, मग लॉगमध्ये कारण कुठे सापडतं ते दाखवावं, मग सेमॅनेज या आज्ञेने ते पोर्ट http च्या प्रकारात घालावं, आणि शेवटी फायरवॉलही उघडावी. जे पुस्तक "अडचण आली तर एसईलिनक्स बंद करा" म्हणतं, ते तिथेच खाली ठेवा.

दोन, विसरलेला रूटचा पासवर्ड. बूट होताना कर्नलच्या ओळीत बदल करून आत शिरायचं, पासवर्ड बदलायचा, आणि मुळाशी ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल करून ठेवायची. बहुतेक पुस्तकं एवढ्या पायऱ्या देतात. ती फाइल कशासाठी, हे मोजकीच सांगतात. त्या अवस्थेत एसईलिनक्सचं धोरण चढलेलं नसतं, त्यामुळे नव्याने लिहिलेल्या शॅडो फाइलवर (पासवर्ड तिच्यात असतात) योग्य लेबल राहत नाही. लेबल दुरुस्त झालं नाही तर पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिन होत नाही. कारण कळलेला माणूस ही पायरी विसरत नाही, पाठ केलेला विसरतो. शिवाय ८ आणि ९ मध्ये आत शिरायची वाट थोडी वेगळी पडू शकते, लेखकाने ती स्वतः करून बघितलीय का तेही इथेच कळतं.

तीन, चालू असलेलं व्हॉल्यूम वाढवणे. नवी डिस्क, तिचं फिजिकल व्हॉल्यूम, ग्रुपमध्ये भर, लॉजिकल व्हॉल्यूम वाढवणं, आणि मग फाइल सिस्टिम वाढवणं. शेवटची पायरी गाळणारी पुस्तकं मी पाहिली आहेत. मोकळी जागा दाखवणारी डीएफ आज्ञा चालवून बघायला सांगितलं असतं तर लेखकालाच ते दिसलं असतं.

या तीन विषयांवर दोन्ही पुस्तकं वाचायला एखादी संध्याकाळ लागेल. त्यानंतर कुठलं घ्यायचं हे कोणाला विचारावं लागत नाही.

अभ्यासू_उंदीर
सावकाश सरांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

मी एलपीआयसी-१ (एलपीआय या संस्थेची लिनक्स परीक्षा) केली, तिथलं गणित वेगळं आहे म्हणून सांगतो. वाचणाऱ्यांपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर वरच्या कसोट्या जशाच्या तशा लावू नका. तिथे १०१ आणि १०२ अशा दोन परीक्षा, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. पर्यायी प्रश्न असतात आणि काही ठिकाणी आज्ञा किंवा फाइलचा मार्ग स्वतः टाइप करावा लागतो. २०० ते ८०० अशी गुणपट्टी, पाससाठी ५००. म्हणजे इथे कोरी_पाटींच्या पहिल्या पुस्तकातली प्रश्नावली उपयोगाची आहे. डेबियनचं आणि रेड हॅटचं, दोन्हीकडचं पॅकेज व्यवस्थापन विचारतात, त्यामुळे एकाच वितरणावर लिहिलेलं पुस्तक अपुरं पडतं.

एलपीआयची मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक उद्दिष्टापुढे वजन लिहिलेलं असतं, आणि एका परीक्षेतल्या सगळ्या वजनांची बेरीज ६० होते. म्हणजे वजन ५ असेल तर साधारण पाच प्रश्न. वापरकर्ते आणि गट यांचं वजन ५ आहे. पुस्तकाने त्याला चार पानं आणि एक्स११ ला (ग्राफिकल पडद्याच्या यंत्रणेला) चाळीस पानं दिली असतील तर समजून जा. अभ्याससाहित्य त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहे, उद्दिष्टांच्या क्रमाने लिहिलेलं. मी त्यावरच अभ्यास केला, सोबत सरावाचं मशीन.

कोरी_पाटी
@अभ्यासू_उंदीर, मी आरएचसीएसएच देणार आहे, पण ते फुकट साहित्य पाया म्हणून वाचलं तर चालेल?

अभ्यासू_उंदीर
आज्ञा, पाइप, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रोसेस एवढ्यापुरतं नक्की. व्हीआय या एडिटरवर तर वेगळं उद्दिष्टच आहे, वजन ३.

मनमौजी
त्यातला एक प्रश्न बाहेर कसं पडायचं हा असेल. मी एका विंडोत अजून आतच आहे.

विंडोजवाली
लिनक्सच्या गर्दीत माझं दोन ओळींचं. मायक्रोसॉफ्टकडे पुस्तकावर फार विसंबू नका. एमसीएसए ही त्यांच्या सर्टिफिकेटांची सगळी मालिका जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली, तरी त्या नावाची जुनी पुस्तकं अजून फिरतात. एझेड-१०४ (अझूर क्लाउडची) सारख्या परीक्षांची उद्दिष्टं अधूनमधून बदलत राहतात, छापील पुस्तक मागेच पडतं. शिवाय २०२३ पासून अशा भूमिकाधारित परीक्षांत मायक्रोसॉफ्ट लर्नची पानं परीक्षेदरम्यान उघडू देतात. वेळ मात्र वाढवून देत नाहीत. म्हणजे तिथे "कुठे काय सापडतं" हाच अर्धा अभ्यास.

रात्रपाळी
@विंडोजवाली, हे चांगलं आठवलं. आरएचसीएसएत इंटरनेट नाही, पण मशीनवरची मॅन पानं आणि यूएसआर-शेअर-डॉकमधली कागदपत्रं असतात. त्यामुळे पुस्तक मॅन पानं वाचायला शिकवतं का, हेही बघायला हवं. नवशिक्याला माहीत नसतं की सेमॅनेज-पोर्टच्या मॅन पानात तळाशी तयार उदाहरण आहे, सेमॅनेज-एफकॉन्टेक्स्टच्याही. एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स नावाचं तर अख्खं मॅन पान आहे, सातव्या विभागात, नुसती उदाहरणं. मॅन -के लावून काही सापडलं नाही तर आधी मॅनडीबी चालवा, कदाचित सूचीच तयार झालेली नसेल.

हे पाठ केलं की आज्ञा पाठ करायचं ओझं निम्मं होतं.

झटपट
कोणाकडे आरएचसीएसएचे ताजे डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, आहेत का? खासगी संदेश करा.

खटपट्या
नाहीत, आणि असते तरी दिले नसते. परीक्षेआधी गोपनीयतेच्या करारावर होकार देता ना? प्रश्न बाहेर काढणं आणि वापरणं दोन्ही त्यात मोडतं. सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं.

रात्रपाळी
आणि झटपटराव, व्यवहाराचं बोलायचं तर उत्तरं पाठ करून करणार काय? टाइप केल्यावर "परवानगी नाही" असं आलं की पुढे काय हे डम्पात नसतं.

झटपट
बरं बरं, एकदम सगळे तुटून पडू नका. मग पुस्तक तरी कशाला? चॅटबॉटला विचारलं की पायऱ्या मिळतात.

सावकाश
मिळतात, आणि पुष्कळदा बरोबर असतात. माझ्या वर्गातली मुलं सर्रास वापरतात, मी अडवत नाही. पण दोन गोष्टी घडताना दिसतात. एक तर कधीमधी अस्तित्वातच नसलेला पर्याय इतक्या ठामपणे येतो की शंका घ्यायला अनुभव लागतो. दुसरं, विचारायची सवय लागते आणि परीक्षेत विचारायला कोणी नसतं. मी त्यांना उलटा वापर सांगतो: त्याच्याकडून उत्तर घेऊ नका, काम घ्या. "साठवणीवर मला पाच कामं दे, उत्तरं देऊ नकोस." मग ती मशीनवर फक्त मॅन पानांच्या आधारे करायची.

तिरकस
हे पटलं. इथे काहीतरी पटलं याची नोंद घ्यावी.

पडीक
व्हिडिओची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो. बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या पडद्यावर ई कधी दाबायचं, कर्नलची ओळ कुठली, शेवटी कंट्रोल-एक्स, हे पुस्तकात चार परिच्छेद होतात आणि तरी डोक्यात शिरत नाही. व्हिडिओत एका झटक्यात कळतं. बाकी व्हिडिओचा तोटा सगळ्यांना ठाऊक आहे, दुसऱ्याला करताना बघून आपल्यालाही येतं असं वाटायला लागतं. मी जे बघतो ते थांबवून लगेच करतो. त्यामुळे तासाभराचा व्हिडिओ अख्खी संध्याकाळ खातो. बूट, डिस्कचं विभाजन आणि कंटेनर एवढे तीन विषय व्हिडिओवर, बाकी पुस्तक, असं माझं वाटप होतं.

जुना_खोड
पडीक यांचं ग्रबबाबतचं म्हणणं बरोबर आहे. तो पडदा दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो, पुस्तकातल्या चित्राचा काय उपयोग?

एक राहिलंच. पुस्तकाच्या शुद्धिपत्राचं पान प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आहे का ते बघा. आज्ञांच्या पुस्तकात एखादी छपाईची चूक म्हणजे वाचकाची रात्र गेली. शुद्धिपत्र लांबलचक असेल तर घाबरू नका, कोणीतरी पुस्तक नीट वाचतंय आणि लेखक दुरुस्त करतोय असा त्याचा अर्थ. मला शंका येते ती जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या शुद्धिपत्राची.

आणि मागची सूची. विषयसूचीत रिस्टोरकॉन (एसईलिनक्सची लेबलं दुरुस्त करायची आज्ञा) सापडलं नाही तर पुस्तक घाईत काढलंय.

कोरी_पाटी
मंडळी, उशिरा आले, पण काम करून आले. सावकाश सरांचे तीन विषय दोन्ही पुस्तकांत वाचले.

पोर्ट ८२: जाड पुस्तकात एसईलिनक्सच्या पोर्टांची सगळी माहिती आहे, पण आज्ञा एका ठिकाणी, फायरवॉल दुसऱ्या प्रकरणात, आणि दोन्हींचा संबंध जोडायचं काम वाचकावर. लहान पुस्तकाने सर्व्हिस मुद्दाम पाडून दाखवली, जर्नलमधली ओळ दाखवली, मग दुरुस्त केली. रूटचा पासवर्ड: दोघांनीही पायऱ्या दिल्यात, पण लेबलाचं कारण फक्त जाड पुस्तकात आहे, आणि छान समजावलंय. लहान पुस्तक "ही पायरी विसरू नका" एवढंच म्हणतं. व्हॉल्यूम वाढवणं दोन्हीकडे बरोबर. रात्रपाळी ताईंची रीबूटची कसोटीही लावली. लहान पुस्तकात जवळजवळ प्रत्येक सरावाच्या शेवटी रीबूट आहे, जाड पुस्तकात काही प्रकरणांतच.

तर अभ्यास लहान पुस्तकावरून करणार. जाड पुस्तक आमच्या ऑफिसच्या कपाटात आहे असं आजच कळलं, "का" हा प्रश्न पडला की ते उघडणार. खोडकाका, तुमचा मान राखला.

आता शेवटची शंका. लहान पुस्तक ९ वर आहे. १० ची परीक्षा आलीय. थांबू का १० च्या पुस्तकासाठी?

जुना_खोड
मान पोचला.

खटपट्या
थांबू नका, पण आधी एक गोष्ट तपासा: तुम्ही नोंदणी करणार त्या दिवशी ९ ची परीक्षा उपलब्ध आहे का. नोंदणीच्या पानावर आवृत्ती लिहिलेली असते. असेल तर ९ द्या. ऑफिसात सर्व्हरवर काय चालतं तेही विचारा, बहुतेक ठिकाणी नवी आवृत्ती सावकाशच येते. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, पुढचं पुढे.

१० च द्यावी लागली तरी हे पुस्तक वाया जात नाही. दोन्ही उद्दिष्टांच्या याद्या शेजारी ठेवून फरकांवर खुणा करा. मोठा फरक म्हणजे ९ मध्ये कंटेनरचा वेगळा विभाग होता, १० च्या यादीत तो नाही आणि फ्लॅटपॅक (ॲप बसवायची एक पद्धत) आलंय. एलव्हीएम, परवानग्या, एसईलिनक्स, फायरवॉल, एफएसटॅब यांचा गाभा तोच आहे. कंटेनरचं प्रकरण मात्र तरीही करा, परीक्षेत नसलं तरी सर्व्हरवाल्यांच्या टीममध्ये लागेल.

तिरकस
शेवटचं वाक्य अधोरेखित करावं.

सावकाश
मशीन उभं केलंत की काहीही करायच्या आधी त्याचा स्नॅपशॉट घ्या. आणि प्रत्येक प्रकरणाला मशीन मुळापासून सुरू करू नका, आधीच्या प्रकरणांतला पसारा तसाच राहू द्या. पाचव्या प्रकरणातला एफएसटॅब नवव्या प्रकरणात आडवा येतो तेव्हा खरा सराव होतो. स्नॅपशॉटवर परत जायचं ते सगळंच हाताबाहेर गेलं तर.

कोरी_पाटी
आल्मालिनक्स ९ ची दोन मशिनं आत्ताच उभी केली. दुसऱ्यावर पाच जीबीची रिकामी डिस्क जोडलीय. एक विचारायचं राहिलं, विभाजनासाठी पुस्तक पार्टेड वापरतं, ऑफिसात सगळे एफडिस्क वापरतात. परीक्षेत चालेल ना कुठलंही?

रात्रपाळी
चालेल. विभाजन नीट झालंय एवढंच बघतात. जीपीटी (विभाजनाच्या तक्त्याचा एक प्रकार) हवं असेल तर जीडिस्कही आहे, फक्त ते वेगळ्या पॅकेजात येतं, मशीनवर असेलच असं धरू नका. एकच निवडा आणि हात बसू द्या. पार्टेडमध्ये मात्र एक लक्षात ठेवा, एफडिस्कमध्ये डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही, पार्टेड तिथल्या तिथे लिहितं.

मनमौजी
म्हणजे पार्टेड वापरताना मी आसपास नसलेलं बरं.